आमच्या 'व्हिलेज'ला होमरूल हवं का? मार्चमध्ये मत द्यायचंय

कऱ्हाकाठ:
नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय. मार्चमध्ये एका प्रश्नावर मत द्यायचं आहे आणि मनाचा निश्चय होत नाहीये.

मी इलिनॉयमध्ये, शिकागोजवळच्या एका उपनगरात राहते. वस्ती १८ हजारांच्या आसपास. कायद्याच्या भाषेत ते 'व्हिलेज'. व्हिलेज म्हणजे खेडं असं मात्र समजू नका. शॉमबर्गची वस्ती ७८ हजारांवर आहे, तरी कागदोपत्री तेही व्हिलेजच. आमच्याकडे एक प्रेसिडेंट आणि सहा ट्रस्टी निवडून येतात (सरपंच आणि सदस्य म्हणा) आणि ते कारभारासाठी पगारी मॅनेजर नेमतात. या वेळी मतपत्रिकेवर एक जास्तीचा प्रश्न आहे: आपल्या व्हिलेजने होमरूल (स्वतःचा कारभार स्वतः ठरवायचा अधिकार) घ्यावं का? हो किंवा नाही.

अमेरिकेच्या राज्यघटनेत गावांचा किंवा शहरांचा उल्लेखच नाही. त्यांना जन्म देणार राज्य आणि अधिकार देणारही राज्यच. १८६८ मध्ये आयोवातले न्यायाधीश जॉन डिलन यांनी एका रेल्वेच्या खटल्यात हे पक्कं केलं. राज्याने कायद्यात स्पष्ट दिलेले, त्यातून ओघाने येणारे आणि ज्यांच्यावाचून कारभार चालूच शकत नाही, एवढेच अधिकार शहराचे. शंका आली तर अधिकार नाही असंच धरायचं. आमचं व्हिलेज आजही याच नियमाखाली चालतं.

इलिनॉयने १९७० च्या आपल्या राज्यघटनेत हे उलटं केलं. २५ हजारांहून जास्त वस्ती असेल तर होमरूल आपोआप, कमी असेल तर सार्वमत घेऊन. एकदा होमरूल आलं की स्वतःच्या कारभाराशी संबंध असलेला कुठलाही अधिकार वापरता येतो: नियम करणं, परवाने देणं, कर लावणं, कर्ज काढणं. फक्त राज्याने जो कायद्याने काढून घेतला असेल, तो वापरता येत नाही. थोडक्यात, कायदा जिथे गप्प आहे तिथे आज आम्हाला 'नाही' ऐकावं लागतं, होमरूल आलं की तिथेच 'हो' ऐकू येईल.

व्यवहारात फरक मोठा पडतो. आज कर्जरोखे काढायचे तर बहुतेक वेळा मतदारांना विचारावं लागतं. मालमत्ता कराची एकूण वसुली वर्षाला ५ टक्के किंवा महागाईचा दर, यांतलं जे कमी असेल त्याहून वाढवता येत नाही. होमरूल आलं की ही दोन्ही कुंपणं जातात. विक्रीकरही पाव-पाव टक्क्याने वाढवता येतो, त्याला वर मर्यादा नाही. शेजारी म्हणतात, "कोऱ्या धनादेशावर सही करू नकोस."

मग मला वडील, आमचे अण्णा, आठवतात. १९९० च्या दशकात ते पुरंदर तालुक्यातल्या आमच्या गावाचे सरपंच होते. वाळूच्या ट्रकांनी गावचा रस्ता खचला, तेव्हा ग्रामसभेने ट्रकमागे ठरावीक रक्कम घ्यायचा ठराव केला. सगळ्यांनी हात वर केले होते. मी शाळेत होते, मागे सतरंजीवर बसून बघत होते. ठराव वर गेला आणि परत आला: अशी आकारणी अधिनियमात नाही. अण्णांनी कायद्याचं पुस्तक आणून यादी वाचली. ग्रामपंचायतीला सायकलीवर कर लावता येतो, बैलगाडीवर लावता येतो, ट्रकवर नाही. रस्ता मोडणाऱ्याला वगळून कर कुणाला लावायचा, असं ते बराच वेळ स्वतःशीच म्हणत होते.

तर सांगा. अण्णांच्या लेकीने काय करावं?

पाटीपेन्सिल:
होमरूल शब्द वाचला आणि शाळेतलं इतिहासाचं पुस्तक डोळ्यांपुढे आलं. एप्रिल १९१६, बेळगावची प्रांतिक परिषद, टिळकांची होमरूल लीग. तो स्वराज्याचा देशव्यापी प्रश्न होता, हा गावाचा आहे. तरी 'आमचं आम्हाला ठरवू द्या' हा धागा एकच आहे असं मला वाटतं.

वकीलकाका_सातारा:
ताई, तुमच्या वडिलांना मिळालेलं उत्तर कायद्याला धरून होतं, दुःख त्याचंच आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमात करांची यादी दिलेली आहे. यादीत नाही ते नाही. यादीतल्या करांचेही किमान आणि कमाल दर १९६० च्या कर व फी नियमांनी बांधलेले. डिलनचं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, पण नियम तोच चालतो.

लोकांचा समज असा की ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने गावांना आणि शहरांना अधिकार मिळाले. निवडणुका, राखीव जागा, पाच वर्षांची मुदत, वित्त आयोग हे मिळालं, आणि ते थोडं नव्हे. पण अधिकारांबाबत अनुच्छेद २४३-छ आणि २४३-ब नीट वाचा. राज्य विधानमंडळाला कायद्याद्वारे अधिकार 'देता येतील' असे शब्द आहेत. 'दिले पाहिजेत' असे नाहीत. अकराव्या अनुसूचीतले २९ विषय आणि बाराव्यातले १८ विषय द्यायचे की नाहीत आणि दिले तर किती, हे मुंबईत ठरतं. 'स्थानिक शासन' हा विषय राज्यसूचीत पाचव्या नोंदीला आहे, तेव्हा किल्ली तिथेच.

एक उदाहरण देतो. सरपंच थेट जनतेने निवडायचा की सदस्यांतून, हे २०१७ मध्ये एका सरकारने बदललं, २०२० मध्ये दुसऱ्याने परत फिरवलं, २०२२ मध्ये पुन्हा थेट निवडणूक आली. पाच वर्षांत तीन वेळा गावच्या कारभाराचा साचा बदलला आणि एकदाही गावाला विचारलं नाही. इलिनॉयमध्ये ही गोष्ट कोण ठरवतं?

कऱ्हाकाठ:
काका, इथे होमरूल असलेलं गाव सार्वमत घेऊन आपल्या कारभाराची रचना बदलू शकतं. अधिकारी कोणते, कसे निवडायचे, मुदत किती, हे मतदारांसमोर ठेवायचं. होमरूल नसलेल्यांनाही सार्वमताने यातलं थोडं करता येतं. तुम्ही सांगितलेलं वाचून हे मला प्रथमच मोठं वाटलं. आजवर त्याकडे लक्षच गेलं नव्हतं.

रॉकनदी:
मी रॉकफर्डला २२ वर्षं आहे. होमरूल गेल्यावर काय होतं ते आम्हाला विचारा.

आमचं शहर दीड लाखाच्या घरातलं. १९७० च्या घटनेने होमरूल आपोआप आलं आणि १९८३ मध्ये मतदारांनीच सार्वमत घेऊन ते काढून टाकलं. मालमत्ता करावरून लोक चिडले होते. घटनेत ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे: मिळालेलं होमरूल लोकांना परतही करता येतं. २०१८ च्या मार्चमध्ये ते परत घ्यावं का हे पुन्हा विचारलं, आणि थोडक्या मतांनी 'नाही' निघालं.

मी २०१८ मध्ये 'हो' मत दिलं होतं. त्याचं कारण कर नव्हता. आमच्या गल्लीत चार घरं पडीक होती, मालक दुसऱ्या राज्यात, फोन उचलत नाहीत. शेजारच्या होमरूलवाल्या गावांना जी हत्यारं सहज वापरता येतात, ती आमच्याकडे प्रत्येक वेळी राज्याच्या कायद्यात शोधावी लागत. कायद्यात सापडलं तर ठीक, नाहीतर थांबा. तरी 'नाही' म्हणणाऱ्या शेजाऱ्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. इथे घराच्या किमतीच्या मानाने मालमत्ता कर फार आहे, आणि निवृत्त माणसाला त्याची बिलं भरताना मी पाहिलंय.

ताई, तुमच्या ट्रस्टींना एकच विचारा: कर्ज काढायचा आणि कर वाढवायचा विचार कशासाठी आहे? उत्तर नेमकं आलं तर माझ्या लेखी अर्धी लढाई जिंकलात.

गवतीचहा:
मी या राज्यात कॉन्डोत (मालकीच्या फ्लॅटांच्या इमारतीत) राहते. होमरूलचा हात किती लांब पोचतो ते मला २०१३ च्या राज्य सर्वोच्च न्यायालयाच्या एका निकालातून कळलं. शिकागोत एका कॉन्डो रहिवाशाने सोसायटीकडे हिशेबाचे कागद मागितले होते. राज्याच्या कायद्याने कागद मागायला अटी घातल्या होत्या, शिकागोच्या शहर नियमात त्या सैल होत्या. शहराचा नियम टिकला, कारण राज्याने 'हा विषय फक्त आमचा' असं कुठे लिहिलेलं नव्हतं. राज्याला अडवायचं असेल तर तोंड उघडून, स्पष्ट शब्दांत अडवावं लागतं.

सदाफुली:
आणि मॉर्टन ग्रोव्ह? शिकागोजवळचं छोटंसं व्हिलेज. १९८१ मध्ये त्यांनी गावात पिस्तूल बाळगायलाच बंदी केली, देशात गाजलेली गोष्ट. खटले झाले. १९८४ मध्ये इलिनॉयच्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की होमरूल असलेल्या गावाला हा नियम करता येतो. पुढे २००८ मध्ये केंद्राच्या सर्वोच्च न्यायालयाचा शस्त्रांबाबतचा निकाल आला तेव्हा गावाने तो नियम स्वतःच मागे घेतला. तरी २७ वर्षं एका गावाने आपल्या चार सीमांत आपला विचार चालवून दाखवला. त्या विचाराशी कुणी सहमत असो वा नसो, मला ते धैर्याचं वाटतं.

तांबडीमाती:
उत्साहात थोडं पाणी ओततो, राग मानू नका.

४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी गावाबद्दल जे सांगितलं ते विसरून 'आमच्या गावात आम्हीच' म्हणता येत नाही. गाव म्हणजे संकुचितपणाचं आणि अज्ञानाचं डबकं, असा त्यांचा रोख होता, आणि म्हणून मसुद्यात व्यक्ती हा घटक धरल्याचं त्यांना समाधान होतं. माझ्या आजोबांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं. तो 'गावाचाच' निर्णय होता. त्यांना पाणी मिळालं ते वरच्या कायद्याने.

अमेरिकेतही हेच आहे. तुमच्याच इलिनॉयमधलं आर्लिंग्टन हाइट्स, तेही व्हिलेज. कमी उत्पन्नाच्या लोकांसाठी, सर्व वर्णांना खुली अशी घरं बांधायला जमिनीचा वापर बदलून हवा होता. गावाने नाकारला. १९७७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भेदभावाचा परिणाम दिसला तरी पुरत नाही, हेतू सिद्ध करा. गावाच्या अधिकाराचा उंबरठा कुणाला बाहेर ठेवण्यासाठी आहे, हे प्रत्येक वेळी विचारलं पाहिजे.

कऱ्हाकाठ:
तांबडीमाती दादा, राग कसला? हे कुणीतरी लिहायलाच हवं होतं. अण्णांच्या ग्रामसभेत सगळ्यांनी हात वर केले असं मी लिहिलं. आता विचार करतेय की खालच्या आळीतल्या बायका त्या सतरंजीवर होत्या का. मला आठवत नाही, आणि आठवत नाही यातच उत्तर आहे.

फुरसुंगीकर:
मी फक्त आमची गोष्ट सांगतो. आमचं गाव ग्रामपंचायतीचं होतं. २०१७ मध्ये ११ गावं पुणे महापालिकेत घेतली, त्यात आम्ही. पुढे २०२१ मध्ये आणखी २३ घेतली. मिळकतकर महापालिकेचा लागू झाला, पाण्याचा टँकर मात्र सुटला नाही. मग आंदोलनं झाली आणि शेवटी उरुळी देवाची आणि फुरसुंगी मिळून वेगळी नगरपरिषद करायचं सरकारने ठरवलं. आत घेतलं तेव्हा अधिसूचना, बाहेर काढलं तेव्हाही अधिसूचना. हरकती मागवतात, लोक पिशव्या भरून हरकती देतात. मतदान मात्र कधी नाही. तुमच्याकडे गावाला विचारल्याशिवाय शेजारच्या शहरात ढकलता येतं का?

कऱ्हाकाठ:
दादा, तुमच्या प्रश्नावर इथला एक जुना आणि फार महत्त्वाचा खटला आहे. पेनसिल्व्हेनियात पिट्सबर्गच्या नदीपलीकडे ॲलेगेनी नावाचं वेगळं शहर होतं. पिट्सबर्गला ते आपल्यात घ्यायचं होतं. राज्याने कायदा केला की दोन्ही शहरांची मतं एकत्र मोजायची. पिट्सबर्ग मोठं, ॲलेगेनीच्या लोकांचा विरोध त्या बेरजेत बुडून गेला. ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९०७ मध्ये हरले. न्यायालयाने सांगितलं की शहर ही राज्याची सोय आहे. राज्य ती वाढवेल, घटवेल, जोडेल किंवा मोडेल, रहिवाशांची संमती असो वा नसो. तो निकाल अजूनही उभा आहे. आज बहुतेक राज्यांनी आपापल्या कायद्यात संमतीच्या पायऱ्या घातल्यात, पण त्या राज्याने घातलेल्या, म्हणून आहेत.

वकीलकाका_सातारा:
याच्या उलट विचारही तिथे झाला होता. मिशिगनचे न्यायाधीश थॉमस कूली यांनी १८७१ मध्ये म्हटलं होतं की स्थानिक स्वराज्य हा लोकांचा मूळचाच हक्क आहे, राज्याने दिलेली भेट नव्हे. तो विचार न्यायालयांत फारसा टिकला नाही. म्हणून मग राज्यघटनेतच लिहून घ्यायची वाट धरली गेली, मिसुरीने १८७५ मध्ये पहिल्यांदा. न्यायालयातून जे मिळालं नाही ते लोकांनी घटनेतून मिळवलं. आपल्याकडे हे काम अर्ध्यावर राहिलंय असं मी मानतो. 'देता येतील'च्या जागी 'देईल' हवं.

वाशीची_खाडी:
शहराचंही ऐका. नवी मुंबईत २०१६ मध्ये महापालिकेच्या सभागृहाने आयुक्तांविरुद्ध अविश्वास ठराव प्रचंड बहुमताने मंजूर केला. राज्य सरकारने तो चालू दिला नाही आणि आयुक्त पुढे काही महिने पदावर राहिले. आयुक्त चांगले होते की वाईट यावर आमच्या घरातच दोन तट होते. मी स्वतः त्यांच्या बाजूची होते, अतिक्रमणांवरच्या कारवाईमुळे. पण आज मागे वळून पाहताना दुसरीच गोष्ट सलते. आमच्या शहराचा मुख्य कारभारी नेमणार राज्य आणि काढणारही राज्य. १९४९ च्या अधिनियमाच्या कलम ४५१ ने सभागृहाचा ठराव सरकारला निलंबित किंवा विखंडित (म्हणजे रद्द) करता येतो. कऱ्हाकाठ ताईंच्या १८ हजारांच्या गावातले ट्रस्टी आपला मॅनेजर स्वतः नेमतात, होमरूल नसतानाही!

शिवाय मे २०२० मध्ये आमच्या महापालिकेची मुदत संपली आणि पाच वर्षांहून जास्त काळ प्रशासक होता. गटार तुंबलं तर नगरसेवकाच्या दारात जायची सोय नव्हती. पैशाचंही तसंच. एलबीटी (स्थानिक संस्था कर) गेला, १ जुलै २०१७ पासून जीएसटीची भरपाई राज्याकडून येते. जो पैसा देतो त्याच्या तोंडाकडे बघावं लागतं.

बांबूबन:
मी गडचिरोलीत धानोरा तालुक्यात ग्रामसभांबरोबर काम करतो. मेंढा (लेखा) या गावाचं नाव या धाग्यावर अजून आलं नाही याचं नवल वाटलं.

'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तिथली. पण घोषणेवर ते थांबले नाहीत. २००६ च्या वनहक्क कायद्याने सामूहिक वनहक्काची वाट उघडली आणि २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर या गावाला हक्क मिळाला. हक्क मिळाल्यावरही बांबू विकायला वाहतूक परवाना लागत होता आणि तो वनविभागाच्या हातात. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. बघा, अधिकार कायद्यात होता, पण पावतीपुस्तक हातात येईपर्यंत तो कागदावरच होता.

आणि तांबडीमातीदादा, तुमच्या मुद्द्याला या गावाचं उत्तर असं आहे: निर्णय बहुमताने घ्यायचा नाही, सर्वसहमतीने घ्यायचा. एकाचा विरोध असेल तर थांबायचं, पुन्हा बसायचं, अभ्यास करायचा. वेळ लागतो. मी रात्री एक वाजेपर्यंत चाललेल्या सभांना बसलोय. प्रत्येक गावात हे जमेल असं मी म्हणत नाही. वस्ती लहान आहे, बहुतेक गोंड समाज आहे, मागे अनेक वर्षांचं काम आहे.

तांबडीमाती:
बांबूबन, मेंढ्याबद्दल आदरच आहे. पण तुम्हीच म्हणालात, समाज एक आहे. माझ्या गावात सर्वसहमती म्हणजे मोठ्या वाड्याची सहमती. 'आडवी बाटली'चं मतदान बघा: दारूचं दुकान बंद व्हायला एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त महिलांनी आडव्या बाटलीवर शिक्का मारायचा. मतदान गुप्त असतं म्हणूनच आमच्याकडच्या बायका निर्भयपणे मत देऊ शकल्या. ग्रामसभेत हात वर करायला लावलं असतं तर नवऱ्यासमोर किती हात वर गेले असते? गावाला अधिकार द्या, पण गावातल्या सर्वांत दुबळ्या माणसाला वापरता येईल अशा पद्धतीने द्या. ती पद्धत वरच्या कायद्याने बांधून दिली तर मला त्यात गावाचा अपमान दिसत नाही.

बांबूबन:
हे मान्य. पूर्ण मान्य.

कऱ्हाकाठ:
मंडळी, परवा ट्रस्टींच्या बोर्डाच्या बैठकीला गेले आणि रॉकनदी यांनी सांगितलेला प्रश्न विचारला. उत्तर नेमकं आलं: ६० वर्षं जुन्या पाण्याच्या वाहिन्या बदलायच्या आहेत, त्यासाठी कर्ज काढायचं आहे. मालमत्ता कराची वाढ आजच्या मर्यादेतच ठेवू, असा नियम बोर्डाने स्वतःहून केलाय. मी विचारलं, पुढच्या बोर्डाने तो रद्द केला तर? वकिलांनी प्रामाणिकपणे सांगितलं की करू शकतात.

किराणा कराची गोष्टही तिथेच कळली. राज्याने किराण्यावरचा आपला १ टक्का कर १ जानेवारी २०२६ पासून काढून टाकला, पण गावांना हवा असेल तर स्वतःच्या नियमाने तो ठेवायची मुभा दिली. त्यासाठी होमरूलची अट नाही, सार्वमताचीही नाही. आमच्या बोर्डाने तो ठेवला. त्या बैठकीला गावातली पाच माणसं हजर होती, असं इतिवृत्तात लिहिलंय. मी नव्हते. दर आठवड्याला डाळ-तांदूळ, भाजी घेताना मी तो कर भरते.

मी 'हो' मत देणार आहे. तांबडीमाती दादांमुळे दोन गोष्टी बोर्डाला लेखी दिल्या: परवडणाऱ्या घरांबाबत गावाचं धोरण काय ते मतदानाआधी जाहीर करा, आणि कर्जरोख्यांच्या प्रत्येक प्रस्तावाची सूचना भाडेकरूंच्या घरीही पाठवा. आजवर ती फक्त घरमालकांना जाते.

गवतीचहा:
ताई, एक विचारायचं होतं. माझ्याकडे अजून ग्रीनकार्डच आहे, मत देता येत नाही. बोर्डाच्या बैठकीत बोलता येतं का?

कऱ्हाकाठ:
येतं. राज्याच्या खुल्या बैठकींच्या कायद्यात 'कोणत्याही व्यक्तीला' बोलायची संधी दिली पाहिजे असं आहे, मतदाराला किंवा नागरिकाला असं नाही. आमच्याकडे दारातच एक कागद असतो, त्यावर नाव आणि विषय लिहायचा. तीन मिनिटं मिळतात. विषयपत्रिका ४८ तास आधी लावावी लागते, ती वाचून जा. पहिल्यांदा माझा आवाज थरथरला होता, म्हणून मी लिहून नेलं होतं. तुम्हाला हवा असेल तर तो मसुदा पाठवते.